हिरव्या पेनाचं गोंदण

माझ्या आईच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण आहे. वर तुळस, मध्ये विंचू आणि खाली ठिपक्यांच्या तीन ओळी. अमळनेरजवळच्या तिच्या गावात त्या काळी गोंदणारी बाई यायची आणि पाच-सहा वर्षांच्या पोरींचे हात हिरवे करून जायची. मला मात्र त्या हाताची फार वर्षं लाज वाटायची. धुळ्यात देवपूरला मी गणिताचा मास्तर झालो, तेव्हा शाळेच्या गॅदरिंगला येताना लांब बाह्यांचा ब्लाउज घाल, असं तिला सांगितलं होतं. ती घालून आली. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातही मी फारसा शहाणा दिसणार नाही.

माझ्या मुलीला मात्र ते गोंदण जीव की प्राण. आजी गावाहून आली की तिच्या मांडीवर बसून विंचवाच्या नांगीवर बोट फिरवायची आणि “मला कधी काढणार?” म्हणून सगळ्यांचं डोकं खायची. तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती.

त्या वर्षी गणपती झाल्यावर तिला ताप यायला लागला. जायचा, परत यायचा. पायांवर निळे डाग दिसले तेव्हा “पडली असशील कुठेतरी” म्हणून मी तिलाच रागावलो. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबमध्ये सुई पाहून ती मागे सरकली आणि मला एक युक्ती सुचली. मी म्हणालो, “अगं, ही ताई तुला आजीसारखं गोंदण काढणार आहे. अजिबात दुखत नाही.” तिने आनंदाने हात पुढे केला. सुई टोचल्यावर किंचाळली, पण हात मागे घेतला नाही. घरी येईपर्यंत कापसावरची पट्टी तिने जपून ठेवली. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की बायकोला ती गोष्ट दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि आजच्या आज जळगावला न्या म्हणाले. जळगावच्या दवाखान्यात आम्हा दोघांना बाजूला घेऊन तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की रक्ताचा कॅन्सर असावा असं वाटतंय. पण कमरेच्या हाडातला मगज काढून तपासल्याशिवाय तो कोणता, आणि औषध कोणतं, हे ठरवता येणार नाही. बायको तिथल्या बाकावर बसली. मी उभा राहून बोन मॅरो, बोन मॅरो असं मनात घोकत राहिलो. जणू माझी कोणी त्यावर परीक्षा घेणार होतं.

आम्ही कॉटजवळ परत आलो तेव्हा मुलीने हातावरची पट्टी सोलून काढली होती. खाली काळानिळा डाग होता. तिने तो मला दाखवला आणि विचारलं, “विंचू कुठंय?”

त्यानंतर तिने कोणालाच हात दिला नाही. रक्त घ्यायला चार माणसांनी धरावं लागलं. मगज काढताना गुंगीचं औषध देणार होते, पण त्यासाठी आधी हाताला सलाईनची सुई लावायला हवी. तिने लाथा मारल्या, सिस्टरला ओरबाडलं, आणि दोन वेळा नस हुकली. तिच्या रक्तातल्या प्लेटलेट्स आधीच कमी झालेल्या, त्यामुळे डॉक्टरांनी थांबवलं. “उद्या सकाळी पुन्हा बघू. पण जास्त दिवस थांबता येणार नाही,” ते म्हणाले.

मी सिस्टरवर ओरडलो. लहान पोरीची एक नस सापडत नाही का तुम्हाला, वगैरे. ती बाई शांतपणे हातमोजे काढत म्हणाली, “नस सापडते, सर. ती हात देत नाही.”

दुपारी आई अमळनेरहून एसटीने आली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून आणलेला. नात भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई तिच्याजवळ बसली.

“काय झाय व माय?”

“पप्पा म्हणाला गोंदण काढणार. दुखत नाही म्हणाला.”

आईने माझ्याकडे पाहिलं. शाळेत असताना मी प्रगतिपुस्तक लपवलं होतं, तेव्हा तिने असंच पाहिलं होतं. मग ती नातीला म्हणाली, “तुना बाप खोटं बोलना. गोंदन दुखस. भलतं दुखस.”

दुखतं, भलतंच दुखतं, असं तिने सांगून टाकल्यावर मला वाटलं, झालं, आता सगळं संपलं. आई अडाणी आहे, पोरीला घाबरवते आहे, असंही वाटलं, आणि तिला थांबवायला मी पुढेही झालो. बायकोने माझा शर्ट धरून मला मागे ओढलं. मुलीने कूस बदलली होती.

मग आईने ती हकिगत सांगितली, जी मी जन्मात कधी ऐकली नव्हती, कारण मी कधी विचारलीच नव्हती. तिला चौघींनी धरलं होतं. तुळशीपर्यंत ती कशीबशी बसली, पण विंचू पुरा होता होता त्या बाईच्या हाताला कडकडून चावली आणि पळून गुरांच्या गोठ्यात लपली. तिच्या आईने तिला शोधून काढलं, मारलं नाही, फक्त सांगितलं, की अजून ठिपक्यांच्या तीन ओळी राहिल्यात, एकेका ठिपक्याला दुखेल, तू मोजत जा. हात आठ दिवस सुजला होता. मुलगी डोळे विस्फारून ऐकत होती. “तू चावलीस?” तिने दोनदा विचारलं. आजी चावली होती ही गोष्ट तिला फार पटली.

आईने न विचारता माझ्या खिशातलं पेन काढलं. पेपरांची बेरीज पडताळायला मी हिरवं पेन वापरतो, ते. “जितल्या सुया, तितला टिपका,” ती म्हणाली. मुलीला आतापर्यंतच्या सगळ्या सुया पाठ होत्या. धुळ्याची एक, जळगावच्या चार, आणि हुकलेल्या दोन. हुकलेल्या धरायच्या का, यावर आजी-नातीत चर्चा झाली. दुखलं होतं, म्हणून धरायच्या, असं ठरलं. मनगटाजवळ सात हिरवे ठिपके आले. मी एक काढू का म्हटलं, तर तिने हात मागे घेतला. “तू नाही.”

गणितात एम.एस्सी. केलेला मी आणि चौथीत शाळा सुटलेली माझी आई. पोरीचा विश्वास कसा कमवायचा हे दोघांपैकी कोणाला येतं, हे त्या दुपारी मला समजलं. आईचा मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

सकाळी सिस्टर आली. मुलीने मला विचारलं, “पप्पा, दुखेल?”

“हो,” मी म्हणालो. “सुई लावताना दुखेल. मग झोप येईल. उठल्यावर कंबर दुखेल.”

तिने आजीकडे पाहिलं. आजीने मान डोलावली. तिने हात पुढे केला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी रडली, पण हात तसूभर हलला नाही. सिस्टरने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सुईपासून लांब ठिपका काढायला आम्हाला परवानगी दिली. कमरेच्या सुईचा ठिपका ती उठल्यावर आजीने काढला, सगळ्यांत मोठा.

रिपोर्ट आला त्या दिवशी आई पहाटेच गावी कपडे आणायला गेली होती. कॅन्सर होता. लहान मुलांमध्ये जास्त दिसणारा प्रकार, औषधं लागू पडतात, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतील, असं डॉक्टर म्हणाले. मी तोंड धुऊन वॉर्डात आलो. मुलगी कॉटवर बसून ठिपके मोजत होती. पुढे खूप सुया आहेत, केस जातील, पुन्हा येतील, हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“मग मी बरी होईन ना?”

हो म्हणणं किती सोपं होतं. प्रत्येक बापाने हो म्हटलं असतं, आणि मलाही तेच म्हणायचं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणतात, होशील. मलाही तसंच वाटतं. पण नक्की कोणालाच माहीत नाही.”

तिने हातावरचे ठिपके पुन्हा एकदा मोजले. मग उशीखालून तिने हिरवं पेन काढलं, माझ्या हातात दिलं आणि मनगट पुढे केलं. त्या दिवशी सकाळी रक्त घेतलं होतं, त्या सुईचा ठिपका काढायचा राहिला होता.