दादाची दहा मिनिटं

दादाने सिगारेट सोडली ती माझ्यासाठी. सोडल्यावर दोन महिन्यांत त्याचं वजन सहा किलोंनी वाढलं, आणि त्यावरून मी त्याला जे बोलले ते आठवलं की आजही मान खाली जाते.

आम्ही तिघं कोपरखैरण्याला राहतो, आई, दादा आणि मी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. दादा तुर्भ्याच्या एका कंपनीत मशीनवर आहे, मी वाशीला एका ऑफिसात क्लार्क. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मापून पाणी, आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबा. आईला शुगर, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. दादाची जुळली. तो रिपोर्ट आला त्या दिवशी मी रडले, आई रडली, आणि दादा म्हणाला, "चला, एक टेन्शन गेलं."

दुसरं टेन्शन डॉक्टरांनी लगेच दिलं. सिगारेट बंद, आणि वजन ऐंशीच्या आत. दादा अठ्ठ्याहत्तर होता, म्हणून वजनाचं आम्हाला काहीच वाटलं नाही. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की सिगारेट सुटली की भूक वाढते, तोंडाला चाळा लागतो, जपा. आम्ही तिघांनीही मान डोलावली आणि घरी येईपर्यंत विसरलो.

दादा पंधरा वर्षं ओढत होता. शिफ्टच्या आधी एक, चहाबरोबर दोन, जेवणानंतर एक, आणि रविवारचा तर हिशेबच नको. त्याने सोडली ती एका दिवसात. शर्टाच्या खिशात पाकिटाच्या जागी बडीशेपेची छोटी डबी आली. हॉस्पिटलमधल्या समुपदेशन करणाऱ्या बाईंनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, ती त्याने धरून ठेवली. तलफ येते, चढते आणि दहाएक मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. मग काय, जेवताना मध्येच हा माणूस घड्याळाकडे बघायचा, हात धुवायचा आणि खाली जाऊन बिल्डिंगला फेऱ्या मारून यायचा. परत आल्यावर उरलेली भाकरी खायचा. मी चिडवायचे, "दादा, गाडी सुटतेय का?" तो म्हणायचा, "सुटली. पुढची तासाभराने."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमच्या लोकांत एक पक्की समजूत आहे. अंगातून काही जाणार असेल, तर आधी अंगात भरायचं. बाळंतिणीला भरवतात, ऑपरेशनवाल्याला भरवतात, आणि इथे तर धडधाकट माणूस एक अख्खी किडनी देणार होता. आईने साताऱ्याहून डिंक मागवला. खारीक, खोबरं, साजूक तूप. रोज सकाळी दोन लाडू दादाच्या ताटलीत.

"आई, दोन नको गं."

"गप खा. एवढं मोठं काम करायचंय, अंगात ताकद नको व्हय?"

बिल्डिंगही मागे राहिली नाही. समोरच्या वहिनींनी बदामाची खीर धाडली. तळवलीहून इथे राहायला आलेल्या खालच्या मावशी दर रविवारी पाया सूपचं पातेलं घेऊन दोन मजले चढायच्या. "पी रं पोरा, तू बहिनीला किडनी देतोस, तुझ्या हाडात दम पायजे," म्हणायच्या आणि पातेलं रिकामं होईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. दादा सगळं खायचा. सिगारेट सुटल्यावर त्याची जीभ जागी झाली होती, तीही त्याला साथ देत होती. मला तर त्या सगळ्यातलं निम्मं खायला बंदी. माझ्यासमोर तो लाडू खायचा आणि मी मनातल्या मनात जळायचे.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. काटा चौऱ्याऐंशीवर. डॉक्टर शांतपणे म्हणाले की आईला शुगर आहे, वजन वाढलं तर मुलालाही होऊ शकते, आणि त्याला पुढचं सगळं आयुष्य एका किडनीवर काढायचंय, त्याला धोक्यात घालून ऑपरेशन करणार नाही. वजन उतरू दे, मग तारीख बघू.

 घरी पोचलो, दार लागलं आणि मी सुटले. तुला कळत नाही का, तुझ्या एकेका लाडवापायी माझा एकेक आठवडा जातोय, त्या मशीनच्या सुया तू टोचून घेतोस का दंडात, असं बरंच काही. आणि शेवटी म्हणाले, "खाऊन खाऊन पळवाट काढतोयस. द्यायची नसेल तर सरळ सांग ना."

  दादाने घड्याळाकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. मी खिडकीशी गेले. मला खात्री होती की तो नाक्यावरच्या टपरीवर जाणार. तो बिल्डिंगला फेऱ्या घालत होता. मान खाली, हात मागे, एकसारखी पावलं. दहा मिनिटांनी वर आला तेव्हा त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. म्हणाला, "चहा टाक. माझा बिनसाखरेचा."

दुसऱ्या दिवसापासून त्याने जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं, आणि ते मी उघडपणे सांगते. आईला लाडू बंद कर असं तो म्हणाला नाही. तिची किडनी नाकारली गेली होती. मुलीसाठी तिच्या हातून होण्यासारखं एवढंच उरलं होतं, ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. तो म्हणाला, "आई, लाडू डब्यात दे, कंपनीत खातो." ते लाडू चहाच्या सुट्टीत कंपनीबाहेरच्या टपरीवर जायचे आणि तिथे ओढत उभ्या असलेल्या त्याच्या मित्रांच्या पोटात. हे आम्हाला पुढे त्यातल्याच एकाने हसत हसत सांगितलं. त्यानेच हेही सांगितलं की कुणीतरी दादाला म्हणालं होतं, दिवसाला दोन ओढ, वजन झरझर उतरेल, डॉक्टरला काय कळतंय. दादाने त्याच्या हातावर एक लाडू ठेवला आणि म्हणाला, "तू खा. मी ओढली तर वजन उतरेल, पण बहिणीला कुठलं तोंड दाखवू?" धुरात उभं राहून, पंधरा वर्षांची सवय समोर पेटलेली असताना, हा माणूस लाडू वाटत होता.

मग त्याने आईला नवं काम दिलं. "मला एकट्याला चालायचा कंटाळा येतो. तू चल." पहिली पाळी सुटली की दोघं सेक्टरच्या बागेत. आईचे गुडघे बोलायचे, म्हणून ती बाकावर बसायची आणि जपमाळेचे मणी ओढत दादाच्या फेऱ्या मोजायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला वाटलं, पोरगा एकटाच चालतोय, आणि तीही उठून अर्धी फेरी त्याच्याबरोबर गेली. मग एक. मग दोन. पंधरा दिवसांनी तिने स्वतःच डिंकाची पिशवी बांधून वर टाकली. "इतकं चालायचं आन् सकाळी तूप खायचं, म्हंजी पोराच्या फेऱ्या फुकट," म्हणाली. खालच्या मावशींना पातेलं परत न्यायला लावलं तेही तिनेच. आमच्याकडे मग भाजी जास्त, भात कमी, आणि दादाच्या दुसऱ्या खिशात फुटाणे आले. उपाशी तो एकही दिवस राहिला नाही. उपाशी राहिलो तर आधी सिगारेट आठवते, असं तो म्हणायचा.

वजन हळूहळूच उतरलं. मध्ये एकदा महिनाभर काटा हललाच नाही. मी काही बोलणार तेवढ्यात दादाच म्हणाला, "हलेल. तू नको टेन्शन घेऊ." चार महिन्यांनी तो एकोणऐंशीवर आला आणि डॉक्टरांनी तारीख दिली.

ऑपरेशन नीट झालं. दादा पाचव्या दिवशी घरी गेला, मी नंतर. नव्या किडनीसाठी मला ज्या गोळ्या सुरू झाल्या त्यांच्याबरोबर भूक आली. भूक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जेवून उठले की पोट पुन्हा रिकामं. उभ्याने पोळ्यांचा डबा उघडायचे. महिन्याभरात गाल सुजले, कपडे दंडाला घट्ट झाले, आणि डॉक्टरांनी मला तेच बजावलं जे एकदा दादाला बजावलं होतं.

एका दुपारी आई झोपली होती. समोरच्या वहिनींनी माझ्या ताकदीसाठी लाडू पाठवले होते. तीन खाऊन झाले होते आणि चौथा हातात होता, तेवढ्यात दादा आतून आला. अजून तो पोटाला हात धरून चालायचा. मला वाटलं, आता ऐकवेल. ऐकवायचा त्याला हक्क होता. तो माझ्यासमोर सावकाश बसला आणि त्याने मनगटावरचं घड्याळ काढून डब्याशेजारी ठेवलं.

"दहा मिनिटं. मग खा, मी अडवणार नाही."

"मला नाही जमणार दादा."

"मलाही पहिल्यांदा नव्हतं जमत."

आम्ही बसून राहिलो. काटा इतका हळू सरकतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि डोळ्यांसमोर फक्त तो लाडू. पंधरा वर्षांची तलफ अंगात असताना हा माणूस दिवसातून दहा-दहा वेळा हे काढत होता. आणि त्याच काळात मी त्याला पळवाट काढतोयस म्हणाले होते. चार मिनिटं झाली तेव्हा मी ते त्याला बोलून टाकलं. मी तेव्हा जे म्हणाले त्यासाठी मला माफ कर, म्हणाले, आणि रडायला लागले.

दादा घड्याळाकडेच बघत होता. माझे डोळे पुसून होईपर्यंत तो थांबला, मग त्याने माझ्या हातातला लाडू काढून घेतला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"बारा मिनिटं झाली," म्हणाला. "चल, चपला घाल. हळूच जाऊ, दोघांच्या जखमा अजून कच्च्या आहेत."