जळकोटच्या आजीला नांदेडचं लग्न

माझी लेक रेणुका लग्नं मोबाइलवर थेट दाखवण्याचं काम करते. "आई, एकदा येऊन बघ तरी," असं केव्हापासून म्हणत होती. हे गेल्यापासून मी मांडवात जायचं टाळते. या वेळी मात्र गेले.

लातूरहून नांदेडला सकाळची एसटी बरी. बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरला गाडी थांबते, तिथं गरम भजी खाऊन घ्या. नांदेडला स्टँडबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवा.

नवरीला वाढवलं तिच्या आजीनं. आजी जळकोटला, कमरेचं हाड मोडून अंथरुणावर. तिला लग्न दिसलंच पाहिजे, असा शब्द रेणुकानं दिला होता. दोन कंपन्यांच्या सिमकार्डांवरून ती चित्र क्लाउडवर पाठवते. क्लाउड म्हणजे दूरवरचे भाड्याचे संगणक. एक सिम रुसलं तरी दुसरं चालतं. ते बघायला मोबाइलवर आत येताना कोड लागतो, कारण मुलीबाळींचं चित्र भलत्याच्या हाती जायला नको.

मुहूर्ताला दहा मिनिटं उरली आणि रेणुका ओरडली, "मामा, कोड कुणाला दिला?"

नवरीचे मामा म्हणाले, "भावकीच्या ग्रुपवर टाकला. न्हाई टाकला तर जलमभर बोलतील की!"

"भावकीनं तो गावभर केला. अनोळखी माणसं आत आलीत."

तिनं सगळ्यांनाच बाहेर काढलं. त्यात आजीही गेली. नवा कोड मी जळकोटला फोनवर सांगितला. इंग्रजी अक्षरं मी लेकीच्या जुन्या पुस्तकांतून शिकले, ती त्या दिवशी कामाला आली. पहिलं मंगलाष्टक सुरू होता होता पलीकडून आजीचा आवाज आला, "दिसलं! अगं, नथ वाकडी हाय पोरीची. सरळ कर."

मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगते, आजी. मी विधवा आहे."

"मी बी हाव. जा, कर."

सगळ्यांदेखत पुढं गेले नि नथ सरळ केली. मामांनी वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो आणि परतलो. गोदावरी घाईतच पाहिली. शेजारीण विचारत होती, नांदेडात काय बघितलं? लेकीचं काम, म्हटलं. आजीला जळकोटला पडल्या पडल्या नथ वाकडी दिसावी, इतकं स्वच्छ. हे असते तर, असं रोज वाटतं, तेव्हाही वाटलं. तरी त्या दिवशी मी मांडवाच्या मधोमध उभी होते.