पूरक प्रश्नाला भ्यालेला माझा भाऊ

माझा सख्खा धाकटा भाऊ वारला, ही बातमी मला त्याच्याच कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकानं दिली. सकाळी ओट्यावर तूर पाखडत बसले होते. मोबाइल वाजला, पाहिलं तर हार घातलेला वसंताचा फोटो आणि खाली मजकूर, 'वऱ्हाडचा बुलंद आवाज हरपला'. खोटं कशाला सांगू... मी आधी हसले. भाऊ गेला हे डोक्यात शिरायच्या आत तो 'बुलंद आवाज' शिरला. मग सूप खाली ठेवलं. भावजयीचा, शीलाचा, फोन त्यानंतर आला. दिल्लीत, अधिवेशन चालू असताना, पहाटे झोपेतच गेला म्हणाली. ती रडत होती, आणि मला तिला सांगवेना की बाई, मला कळलं आहे, तुझ्या नवऱ्याचा स्वीय सहायक तुझ्यापेक्षा चपळ निघाला.

गेला महिनाभर श्रद्धांजल्या वाचते आहे. कोणी त्याला अभ्यासू म्हटलं, कोणी लढवय्या, एकानं तर तळमळीचा धगधगता निखारा वगैरे केलं. पुरवणीवाल्यांनी मलाही विचारलं, बहीण म्हणून चार शब्द लिहाल का. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी जन्मभर दर्यापूरच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि निबंध लिहिताना आहे ते आहे तसं लिहा, एवढंच पोरांना सांगत आले. आता म्हातारपणी भावाची भाटगिरी मला जमणार नाही.

वसंता राज्यसभेचा खासदार होता. म्हणजे तिथं जायला लोकांच्या दारी जावं लागत नाही, पक्षाच्या दारी उभं राहावं लागतं, आणि उभं राहण्यात तो पटाईत होता. त्याचा आठवडा ठरलेला. अधिवेशन असलं की सोमवार ते शुक्रवार दिल्ली, तिथं देश. शनिवारी अकोल्याचा बंगला, तिथं राज्य. रविवारी अमरावती, तिथं सत्कार. दर शनिवारी बंगल्याच्या दिवाणखान्यात बैठक बसायची. कार्यकर्ते चहा-बिस्किटं खात सांगायचे, भाऊ, कापसाच्या आयातीवर प्रश्न टाका, भाऊ, रेल्वेचा थांबा मागा, आणि भाऊ मान हलवत म्हणायचे, टाकून देऊ. त्याच संध्याकाळी 'खासदारांचा आठवडा' नावाचं पत्रक निघायचं. वर राष्ट्रीय धोरण, खाली राज्याचे प्रश्न. परराष्ट्र संबंधांपासून तेल्हाऱ्याच्या एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांवर भाऊसाहेबांनी चिंता व्यक्त केलेली असायची. चिंता व्यक्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बहुतेक प्रश्नांना लेखी उत्तर यायचं, माहिती गोळा करण्यात येत आहे. त्या उत्तरांच्या फायली तो कपाटात ठेवायचा आणि त्याला पाठपुरावा म्हणायचा.

रविवारी अकोल्याहून अमरावतीला जाताना तो दर्यापूरजवळच्या आमच्या गावी जेवायला थांबे. हे मात्र त्यानं कधी चुकवलं नाही. तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत त्याला लहानपणापासून आवडे, आणि माझ्या हातचंच लागे. जेवताना तो खासदार नसायचा, पाटावरचा वसंताच असायचा. फक्त पाणी आमचं प्यायचा नाही. ड्रायव्हर गाडीतून सीलबंद बाटल्यांचा खोका आणून ठेवी. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. इथलं विहिरीचं, हापशीचं पाणी खारट, चहात दूध टाकलं की फाटतं, डाळ तासन्‌तास शिजत नाही, आणि माणसं पन्नाशीच्या आसपास किडनीनं पोखरली जातात. नळयोजना कागदावर आली, तोटीपर्यंत आली नाही. आमचे हे त्याच पाण्यावर वाढले. वसंता दिल्लीला गेला त्याच सुमाराला ह्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा जीपनं अकोला, हाताला सुया, आणि परत येताना जीपच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेला माझा माणूस. आणि त्याच माणसासमोर बसून माझा भाऊ बाटलीचं झाकण फोडी. ते माझ्या मनाला लागे, तरी मी वाढत राही.

ह्यांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. पैसा नाही, अकोल्याच्या डॉक्टरला फोन नाही. तिथं देशाच्या सभागृहात उभं राहून आमच्या पाण्याचं एकदा विचार, म्हणाले. इथं आमी बोंबललो तं तहसीलदार बी आयकत नाई, तिथं मंत्र्याले उत्तर द्यावं लागते. वसंता म्हणाला, टाकून देऊ. आणि खरंच टाकला.

आता हे जरा समजून घ्या, कारण मलाही ते त्यानंतरच समजलं. संसदेत दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. एकाचं उत्तर नुसतं कागदावर येतं, विचारणारानं खुशाल पंख्याखाली झोपावं. दुसरा तारांकित. त्याची सोडत निघते, आणि वरचा नंबर लागला तर मंत्र्याला सभागृहात उभं राहावं लागतं. मग विचारणाऱ्यानंही उभं राहून पूरक प्रश्न विचारायचा असतो. तो आधी लिहून आणता येत नाही, मंत्री काय बोलला ते ऐकून तिथल्या तिथं सुचावा लागतो. वसंता तारांकित प्रश्न खंडीभर टाकायचा, कारण पत्रकात ते शोभून दिसे, आणि त्याचा नंबर नेहमी तळाला जायचा. सोडतीनं आजवर त्याला वाचवलं होतं. आमच्या पाण्याचा प्रश्न पहिल्या तिनात लागला.

त्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारच्या बाया कामं आटोपून आल्या होत्या, पुरुष ओसरीत उभे होते. ह्यांना मी खाटेवर पाठीशी उशा लावून बसवलं. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं, त्राण नव्हतं, पण दाढी करून घेतली होती आणि धुतलेला सदरा मागितला होता. कोणाच्या लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. दुपारी बाराला टीव्हीवर प्रश्नोत्तरं सुरू झाली. सभापतींनी वसंताचं पूर्ण नाव घेतलं आणि बायांनी पदर तोंडाला लावले... कॅमेरा बाकाकडे गेला. बाक रिकामा. सभापतींनी पुन्हा नाव घेतलं. मग म्हणाले, माननीय सदस्य उपस्थित नाहीत. मंत्र्यानं उत्तर पटलावर ठेवलं, आणखी कोणाला काही विचारायचं आहे का म्हणून सभापतींनी इकडेतिकडे पाहिलं, एकही हात वर झाला नाही, पुढचा प्रश्न कुठल्याशा बंदराचा होता. हे म्हणाले, "बाथरूमले गेला असन." आणि तास संपेपर्यंत टीव्ही बंद करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की खारपाणपट्ट्याच्या प्रश्नावर भाऊसाहेबांनी सभागृह दणाणून सोडलं. पत्रक प्रश्नाच्या आदल्या रात्रीच धाडलं होतं! त्या कार्यालयाची रीतच तशी, आठवडा उजाडायच्या आधी आठवड्याचं काम छापून तयार. कार्यकर्त्यांनी अमरावतीत फलक लावले, रविवारी सत्कार ठरवला. वसंतानं नाही म्हटलं नाही. कोणी कशाला विचारतंय? राज्यसभा लावून बसायला लोकांना वेळ कुठे असतो, असा त्याचा हिशेब. बहिणीच्या गावाला वेळ असेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या रविवारी तो आला तेव्हा गावात कोणी त्याला राम राम केला नाही. त्याला कळलं. पाटावर बसला, भरीत वाढलं, पण घास तोंडाशी जाईना. मी विचारलं, कुठं होतास? तो खाली पाहून म्हणाला की कॅन्टीनमध्ये, चहा पीत. मी म्हटलं, कोणी दम दिला का, पक्षानं, मंत्र्यानं? तेवढं तरी असावं असं मला फार वाटत होतं. कोणी दाबलेला माणूस निदान समजून घेता येतो. तो एकदम आमच्या घरच्या बोलीत आला.

"ताई, कोनी काई म्हटलं नाई. मले भेव वाटलं. मंत्री बोलल्यावर काय इचारू, काईच सुचून नोतं राह्यलं. सारा देश पायते तिथं."

खाटेवरून हे बोलले, अगदी सावकाश, रागानं नाही.

"वसंता, एवढंच इचाराचं होतं. सायेब, हे पानी तुमी पेसान काय?"

वसंता ताटावरून उठला, हात धुतले, सीलबंद बाटलीतल्या पाण्यानंच धुतले, आणि सत्काराला गेला. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, भाषण केलं. भाषण लिहून आणलेलं होतं. पुढच्या 'खासदारांचा आठवडा'मध्ये त्याचा फोटो होता, आणि मी तो फाडून चुलीत घातला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

हे दिवाळीच्या आधी गेले. वसंता आला, स्मशानात पोरासारखा ओक्साबोक्शी रडला, लाकडं त्यानं स्वतः रचली. ते रडणं खरं होतं, हे मी त्याची शत्रू असते तरी नाकारलं नसतं. तेरवी झाली आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जेवायला हजर. मी वाढत राहिले. लोक विचारायचे, अशा भावाला कशाला वाढता? काय सांगू... माणूस कवडीमोलाचा आहे हे ठाऊक असलं, तरी वांगं भाजताना हात आपोआप दोन जास्तीची भाजतात. एकदा मी त्याला म्हटलं, पुन्हा टाक तो प्रश्न, ह्यांच्या नावानं टाक. त्यानं टाकला. फक्त तारांकित नाही, लेखी. उत्तर आलं, माहिती गोळा करण्यात येत आहे. ते उत्तर त्यानं मला मोठ्या आशेनं आणून दाखवलं, लहानपणी दुसऱ्याचा निबंध आपला म्हणून दाखवायचा तसं. मला त्याची कीव आली, आणि किळसही. दोन्ही एकदम येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तर तो गेला त्या सकाळी मी तूर तशीच टाकून जीपनं अकोल्याला पोचले. पार्थिव संध्याकाळी नागपूरला उतरणार होतं. बंगल्याच्या त्याच दिवाणखान्यात घरची माणसं सतरंजीवर बसली होती आणि टीव्ही लावलेला होता, कारण सभागृहात वसंताचा उल्लेख होणार होता. अकराच्या ठोक्याला सभापती उभे राहिले. त्यांनी त्याचा जन्म सांगितला, शिक्षण सांगितलं, आणि वाचलं की आपल्या भागातल्या पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर ते सातत्यानं आग्रही होते. मग सगळं सभागृह उभं राहिलं. मंत्री, विरोधक, सगळे माना खाली घालून काही क्षण गप्प उभे. त्यानंतर, दिवंगत सदस्याच्या सन्मानार्थ कामकाज दिवसभरासाठी तहकूब. दिवे तसेच जळत राहिले आणि बाकं रिकामी झाली.

शीला माझा हात धरून म्हणाली, "पाहा ताई, साऱ्या देशाचं काम थांबवलं ह्यांच्यासाठी."

तोवर मी रडले नव्हते. तेव्हा मात्र असं भडभडून आलं की सावरेना. शीलानं मला कुशीत घेतलं, तिला वाटलं भावासाठी रडते आहे. तेही होतं, नाही कसं म्हणू, पाठचा भाऊ होता माझा. पण माझ्या डोळ्यांपुढे दुपारचे बारा होते, रद्द झालेली प्रश्नोत्तरं होती. त्या दिवशीही सोडतीत कोणाचा तरी प्रश्न वरच्या नंबरावर लागला असेल, कोणाच्या पुलाचा, कोणाच्या दवाखान्याचा, कोणाच्या पाण्याचा. त्या गावात वसंता कोण, तो कधी मेला, कशाला कोणाला ठाऊक? तिथं घरात माणसं दाटीनं बसली असतील, एखाद्या आजारी माणसाला धुतलेला सदरा घालून उशांना टेकवलं असेल, पडद्यावर रिकामं सभागृह दिसत असेल, आणि टीव्ही बंद करायला उठलेल्या बाईला तो माणूस म्हणाला असेल, थांब जराशी, आता सुरू होईल.