खडीची वाट

मार्सेल लोपीस वीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. एकदा इटलीजवळच्या सार्डिनिया बेटावर जहाज दुरुस्तीसाठी आठ दिवस अडकलं, तेव्हा त्यांनी भाड्याची सायकल घेऊन डोंगरातली खडीची वाट धरली. दिवसभर एकही गाडी आडवी आली नाही. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या धुक्यातून कुठूनतरी ऐकू येत होत्या.

१९९८ साली निवृत्त होऊन ते वसईला परतले, तरी ती वाट डोळ्यांसमोरून हलेना. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की ते सायकल काढून तशी वाट शोधत फिरायचे. सगळीकडे रिक्षा आणि ट्रकच भेटायचे. शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी तुंगारेश्वरच्या जंगलात ती सापडली. पुढच्या रविवारी त्यांनी बायकोला, कॅथरिनला, कॅरिअरवर बसवून तिथं नेलं.

चढावर दोघं उतरून चालू लागली. चाकाखाली खडी करकरत होती, पानांतून कोवळं ऊन झिरपत होतं.

“तुमचा तो रस्ता असाच होता?” कॅथरिनने विचारलं.

“असाच. पण तिथं बोलायला कोणी नव्हतं.”

कॅथरिन हसली. हँडलची दुसरी बाजू तिने धरली आणि दोघं मिळून सायकल वर ढकलू लागली.