विहिरीत वाकून पाहणारी मावशी

माझ्या थोरल्या मावशीने जालना जिल्ह्यातल्या जितक्या विहिरींत वाकून पाहिलं आहे, तितक्या विहिरींत जिल्ह्यातले सगळे पोहरे मिळूनही उतरले नसतील. जन्मभर तिने खेड्यांतल्या शाळांत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मस्तगडच्या दोन खोल्यांत ती स्वस्थ बसेल अशी आमची भाबडी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात तिने एक लांबलचक मोजपट्टी आणली, तिच्या टोकाला किल्ली हरवलेलं पितळी कुलूप बांधलं आणि दिसेल त्या विहिरीत सोडायला सुरुवात केली. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या आजारपणाची विचारपूस असो, ही आधी परसात जाणार, कुलूप डुबुक वाजेपर्यंत पट्टी सोडणार आणि मगच यजमानांना ओळख देणार. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हा मंडळी बैठकीत पोहे खात होती आणि मावशी बेपत्ता. थोड्या वेळाने ती पदराला हात पुसत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भर चैत्रात अठ्ठावीस फुटांवर पाणी हाय! पोरीला काही इचारू नको, हो म्हन." मी हो म्हटलं. त्यावेळी नेमकं कुणाला हो म्हटलं होतं, हे बायको अजून विचारते.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी धडा मिळतो. खिडकीत एक काचेची बरणी आहे, तिच्यात खाली काळे दगड, त्यावर मुरूम, त्यावर माती. मावशी वरून पेलाभर पाणी ओतते आणि म्हणते, "लोकाला वाटतं जमिनीखाली नदी वाहून राह्यली. तसं बिलकुल न्हाई. मुरमाच्या फटीत पाणी मुरून बसतं. खाली काळा पाषाण. त्याला भेग असली तर पाणी, नसली तर ठणठणाट." गॅसवाल्याने हा धडा एकदा खांद्यावर सिलिंडर घेऊन उभ्याने ऐकला. पुढच्या खेपेला तो दारातूनच म्हणाला, "बाई, खाली काळा पाषाण, बराबर याद हाय. आता जल्दी सही करा."

आम्ही हसायचो. पण दोन वर्षांपूर्वी तिला एक फोन आला. अंकुशनगरच्या पुढच्या एका गावात तिची पहिली नोकरी झाली होती. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या बायांनी फोन केला होता. गावासाठी नवी बोअर घ्यायचं ठरलं होतं. पाणाड्याने तळहातावर आडवा नारळ धरून, तो जिथे उभा राहिला ती जागा दाखवली होती, ती वस्तीच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर. "बाई, आमची विहीर आटंल," बाया म्हणत होत्या, "पन आमचं कोन ऐकून राह्यलंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या गाडीवर मागे बसली होती.

लिंबाखाली माणसं जमली होती. पाणाड्या म्हणजे एक वाळके, मऊ बोलणारे म्हातारे बाबा. बाई आल्या म्हणजे आता वाजणार, अशी सगळ्यांची खात्री होती. मावशी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, नारळ उभा राह्यला, पन पाणी लागलं न्हाई, असं कुठं कुठं झालं?"

बाबांनी हातातला नारळ खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "लई ठिकाणी, बाई."

"दाखवता का?"

आणि ते उठले. सगळं गाव त्यांच्यामागे निघालं. बाबा एकेक कोरडी जागा दाखवत होते, मावशी तिथे चुन्याची फक्की टाकत होती. दुपारपर्यंत सगळं शिवार ठिपक्यांनी भरलं. एकच पट्टा मोकळा राहिला, जुन्या नाल्याच्या कडेचा. त्या पट्ट्यातच वस्तीची विहीर होती आणि बोअरची जागाही.

"मुरूम काय तो इथंच हाय," मावशी म्हणाली. "हा एक माठ समजा. दुसरी तोटी लावली म्हनून माठ मोठा व्हत न्हाई."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी सरपंच, माझा नारळ त्या विहिरीच्याच पाण्यावर उभा राह्यल्ता."

सरपंच माणूस वाईट नव्हता, अडचणीत होता. "मंग गावानं प्यावं काय, बाई?" मावशीने वरच्या अंगाचा, गाळाने भरून गेलेला बंधारा दाखवला. गाळ काढा, पाणी थांबवा, मुरू द्या, आणि मग विहिरीचं पाणी वस्तीने आणि गावाने वेळ ठरवून घ्या. खूप वादावादी झाली. शेवटी सरपंच म्हणाले, "एक पावसाळा बघतो. न्हाई जमलं तर मशीन बोलावनार."

परतताना मावशी माझ्या पाठीमागे पुटपुटली, "माझं चुकलं, तर त्या बाया कोनाकडं जातील रे?" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या उन्हाळ्यात ती दर आठवड्याला एसटीने तिथे गेली आणि गाळाच्या पाट्या उचलणाऱ्यांना भूगोल शिकवत राहिली.

पुढच्या चैत्रात विहिरीला पाणी होतं. सकाळी वस्ती भरायची, संध्याकाळी गाव. एकाच काठावर दोन्हीकडच्या बाया एकमेकींची कळशी उचलून देऊ लागल्या. मशीन आली नाही.

यंदा मावशीचे गुडघे पार थकलेत. तरी मागच्या महिन्यात तिने मला तिथे न्यायला लावलं. "जय भीम, बाई!" करत बाया धावत आल्या. पाणी मागच्या वर्षीपेक्षा वर होतं. तिथेच कळलं, पाणाड्या बाबा थंडीत गेले. मावशी काठी टेकत त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या बायकोजवळ ओट्यावर बसली.

"बाबांनी खरं सांगितलं म्हनून जमलं, काकू."

म्हातारीने मावशीचा हात धरला. "सगळे यायचे ते कुठं लागंल इचारायला. न लागलेलं तुम्हीच इचारलं. त्याच्यानंतर त्यांना झोप चांगली लागायची, बाई."

मग आम्ही परत निघालो. अंबड येईपर्यंत रस्त्याच्या कडेने दोन-तीन विहिरी गेल्या, ती थांब म्हणेल म्हणून मी मुद्दाम गाडी हळू केली. तिने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल रे, घरी चल."