चाकं बांधून

माझ्या लेकीचं घर चाकांवर होतं, आणि ते चाकांसकट तिच्या नवऱ्याच्या आवारात अडकलं होतं.

इकडे परदेशात त्याला ट्रेलर म्हणतात. आत पलंग, शेगडी, बाथरूम, सगळं. लांबीला आमच्या गावच्या देवळाएवढं आणि वजनाला दोन हत्ती. लेकीनं वेअरहाउसात रात्रपाळ्या करून ते स्वतःच्या नावावर घेतलं, आणि व्हिटबीच्या वरच्या अंगाला नवऱ्यानं भाड्यानं घेतलेल्या शेतावर उभं केलं. मार्चमध्ये त्याच ट्रेलरचं दार नवऱ्यानं तिच्या मनगटावर आपटलं. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज आला तरी थांबला नाही. तिनं हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. ताट भिंतीवर गेलं.

"भिंतीनं काय केलंय तुमचं?" म्हातारी म्हणाली.

लेक हाताला प्लास्टर घालून आमच्या ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये येऊन राहिली. पण रोज एकच. "आप्पा, आय वॉन्ट माय हाउस. मी बेसमेंटमध्ये राहणार नाही." वकील म्हणाला, कोर्टातून मिळेल, वेळ लागेल. तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला, मेच्या लाँग वीकेंडला त्या डबड्याची शेकोटी करणार आहे, या सगळे मार्शमेलो भाजायला. मार्शमेलो! मी म्हटलं, बास. ओढून आणायचं.

ओढायचं तर गाडी पाहिजे. तीही फोर व्हील ड्राइव्ह, कारण बर्फ वितळलं की ते शेत म्हणजे गुडघाभर चिखल. लेक फोनवरनं वाचून दाखवायला लागली, ही इतके पौंड ओढते, ती तितके. मी म्हटलं, ठेव तो फोन. मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझा बाप बैलांचा व्यापारी होता. आमच्या बाजारात बैल किती ओढतो हे त्याच्या मालकाला विचारत नाहीत. मालक खोटंच बोलणार. गाडीची चाकं दोरखंडानं बांधायची, वर गडी बसवायचे आणि बैल जुंपायचा. चाक फिरत नाही, नुसतं खरडत जातं. जो गुडघे टेकून, नाकातनं फेस काढत गाडी हलवतो तो आपला. जो मान टाकतो त्याच्या मालकाला शिव्या घालून घरी पाठवायचं.

"आप्पा, ट्रकला गुडघे नसतात."

"बघू की."

जुन्या गाड्यांच्या यार्डाचा मालक पंजाबी होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं पहिल्यांदा पांढरीशुभ्र गाडी दाखवली. आतून अत्तराचा वास. "अंकल जी, एक हाथ की चली हुई है. बिलकुल दुल्हन."

मी बाहीतनं हातोडा काढला आणि गाडीखाली आडवा झालो. इथं हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ वरनं दिसत नाही, खालनं खातं. मी गाडीच्या कण्यावर एक ठोका दिला आणि हातोडा दांड्यापर्यंत आत गेला. गंजाचा पापुद्रा बदाबदा तोंडावर पडला. दुसरा ठोका घालतोय तोवर मालकानं माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

"ओए! ये क्या कर दिया?"

"दुल्हन के पोट में छेद है," मी म्हटलं.

त्यानं माझी कॉलर धरली. मी त्याच्या गळ्यातली चेन धरली. शर्टाची बटणं तुटून खडीत उडाली. तो मला मागे रेटतोय, मी त्याच्या पायावर पाय देतोय, आणि कुणी सोडायला तयार नाही. शेवटी लेक मधे घुसली. "स्टॉप इट! बोथ ऑफ यू!"

मालकाला तिचं प्लास्टर दिसलं. बोटं अजून काळीनिळी होती.

"बेटी, ये किसने किया?"

"हजबंड."

त्यानं कॉलर सोडली. मी चेन सोडली. "गाड़ी किसलिए चाहिए, ये पहले बोलना था ना, बाउजी," तो म्हणाला, आणि माझी बटणं गोळा करायला वाकला.

मग त्यानंच कोपऱ्यातला भंगारानं भरलेला जुना ट्रेलर दाखवला. आम्ही त्याची चाकं साखळीनं करकचून बांधली. पहिली जुंपली ती एक लाल गाडी, टायर कोरे, रुबाब मोठा. मी पेडल दाबलं. चारी चाकं जागच्या जागी गरगर फिरली, खडी गोळ्यांसारखी उडाली, धूर झाला, जळक्या रबराचा वास सुटला. मी आणखी दाबलं. पाठीमागं काड्‌कन आवाज झाला. ओढायचा लोखंडी आकडा बोल्टांसकट उपटून आला आणि साखळीबरोबर उसळून मागच्या काचेतनं आत शिरला. माझ्या डोक्यावर काचांचा पाऊस. मानेतनं रक्त आलं. सीटवर तो आकडा माझ्या शेजारी पाहुण्यासारखा पडला होता.

"बाउजी," मालक लांबनं म्हणाला, "एक-आध गाड़ी मेरे लिए भी छोड़ देना."

शेडच्या मागं एक राखाडी पिकअप उभी होती. ती त्यानं दाखवलीच नव्हती, मला दिसली. डिझेल, दार चेपलेलं, पूर्वी जंगलात लाकडं ओढायची म्हणे. खाली शिरून ठोका घातला तर हातोडा उसळून माझ्याच कपाळाला लागला. टेंगूळ आलं. मला ती तिथंच आवडली.

जुंपली. सगळ्यात खालच्या गिअरला टाकली. आधी नुसती गुरगुरली. मग तिचं ढुंगण खाली बसलं, पुढची चाकं खडीत रुतली, सगळं अंग थरथरलं, आणि मागचा बांधलेला ट्रेलर जमीन नांगरत सरकला. दोन खोल चर पडले.

"टेकले की नाही गुडघे?" मी ओरडलो.

लेक हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.

जावई कामावर गेला असेल असं बघून आम्ही दोघं एका सकाळी ती पिकअप विकत घेऊन शेतावर पोहोचलो. जावई काही अडाणी नव्हता, पुण्याचा शिकलेला. त्यानं ट्रेलरच्या चाकांतनं साखळी ओवून, आसाला गुंडाळून कुलूप घातलं होतं. चाकं बांधलेली! मला हसूच फुटलं. लेक हसली नाही. "आप्पा, कटर घेऊन परत येऊ."

"कशाला? यार्डात बघितलंस ना?"

पिकअपला ट्रेलर अडकवला तेवढ्यात जावयाची गाडी आली आणि फाटकात आडवी उभी राहिली. शेजाऱ्यानं फोन केला असेल. तो पहार घेऊनच उतरला. लेक पिकअपमध्ये चढून बसली होती, तिनं खटाखट दारं लॉक केली.

"जावईबापू, गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं. आमच्याकडे जावयाला अरेतुरे करत नाहीत, हाड मोडलं तरी.

"म्हाताऱ्या, घरी जा. तिला इथं ठेवून जा."

त्यानं पहिला घाव पिकअपच्या दिव्यावर घातला, दुसरा ट्रेलरच्या खिडकीवर. तिसऱ्याला तो लेकीच्या काचेकडे वळला आणि मी त्याच्या कमरेत शिरलो. दोघं चिखलात. सत्तरी उलटली तरी माझी मिठी कुणी सोडवलेली नाही. पहार माझ्या कानशिलाला घासून गेली, कान फाटला. मी त्याच्या हाताला चावलो. खालचे दात अजून माझेच आहेत. तो किंचाळला, पहार पडली, पण वय ते वय. त्यानं मला पालथं घातलं, पाठीवर बसला आणि माझं तोंड चिखलात दाबलं. नाकात चिखल, तोंडात चिखल. श्वास संपत आला.

तेव्हा ती गुरगुर ऐकू आली.

लेक सरकून स्टिअरिंगवर बसली होती. पिकअप बसली, थरथरली आणि निघाली. बांधलेली चाकं चिखल फाडत, अख्खं घर तिरकं होऊन सरळ आमच्या अंगावर यायला लागलं. जावयानं उडी मारली. मी लोळलो. साखळीची कडी बंदुकीसारखी फुटली आणि गोठ्याच्या पत्र्यात भोक पाडून गेली. लेक थांबली नाही. तिनं पिकअपचं नाक फाटकातल्या गाडीला लावलं आणि ती आडवीच्या आडवी ढकलत, दारं चेपत, नाल्यात घातली. ट्रेलरनं फाटकाचा खांब उखडला. मग रस्ता. मग काहीच नाही.

आम्ही दोघं चिखलात बसलो होतो. त्याच्या हातातनं रक्त गळत होतं, माझ्या कानातनं.

"तुम्हाला टाकून गेली," तो म्हणाला.

"तुम्हालाही," मी म्हटलं.

एक बूट चिखलात राहिला तो राहिलाच. तसाच चालत हायवेच्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. पिकअप तिथं होती. दारं लॉक. लेक दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसली होती, प्लास्टर चिरलं होतं. तिनं काच बोटभर खाली केली.

"थांबले असते तर उतरले असते, आप्पा. उतरले असते तर..."

"दार उघड. सरक तिकडं."

"नाही."

मी बापाला सोडून गाडी हाकणाऱ्या कुणाच्या शेजारी बसलेलो नाही. मुलाच्या गाडीतही मीच चालवतो, सगळ्यांना ठाऊक आहे. मी दाराची मूठ ओढून बघितली. ती समोर बघत होती. मग फेरा घालून पलीकडनं चढलो आणि पट्टा लावला.

"गाडी मी निवडली," मी म्हटलं.

"हो आप्पा. तुम्हीच," ती म्हणाली, आणि आरशात मागचं घर बघत गिअर टाकला.

ट्रेलरचं एक चाक घासून एका बाजूनं सपाट झालं होतं. ब्रॅम्पटनपर्यंत ते धप, धप, धप करत आमच्या मागं आलं.