धामण, म्हैस आणि एक घरघंटी

सगळा हॉल उभा होता आणि खाली बसायचं कुणी नावच घेत नव्हतं. तीन प्रश्न झाले होते, तिन्ही ट्रिक क्वेश्चन. ट्रिक क्वेश्चन म्हणजे ज्याचं उत्तर पटकन तोंडात येतं आणि नेमकं तेच चुकीचं असतं. मी एक वाक्य वाचायचं. खरं वाटलं तर हात वर, खोटं वाटलं तर हात खाली. चुकला तो बसला. शेवटी एकटा उभा राहील त्याला घरघंटी. याला एलिमिनेशन राऊंड म्हणतात. पण त्यासाठी कुणीतरी चुकावं लागतं की.

मी इरफान. सोलापुरात सात रस्त्याला राहतो, अँकरिंग करतो, सोबतीला मिमिक्री. तोवर माझं करिअर म्हणजे बारशी, हळदी आणि मोबाईल शॉपीची उद्घाटनं. श्रीपूरला पुण्याच्या एका ठिबक कंपनीचा शेतकरी मेळावा होता, तो माझा पहिला कंपनी शो. कंपनीच्या देशमाने सरांनी सकाळीच सांगितलं होतं, आज जमलं तर वैराग, मोहोळ, अक्कलकोट, सगळे मेळावे तुझे. नाही जमलं तर पुण्याचा अँकर तयार आहे. मी इतका खूष होतो की येताना एसटीत कंडक्टरचाच आवाज काढून तिकीट मागितलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

प्रश्न पुण्याहून आले होते, इंग्रजीतून मराठीत उतरवलेले. थीम होती 'गैरसमज'. पहिला प्रश्न, बैल तांबडा रंग बघून चिडतो. हॉल हसायलाच लागला. यांच्या बैलांची झूलच तांबडी. दुसरा, वटवाघूळ आंधळं असतं. पुढच्या रांगेतले फेटेवाले आप्पा म्हणाले, "आंधळं असतं तर आमचाच पिकल्याला पेरू त्याला बरोबर कसा घावतो ओ?" तिसरा, शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याच्या नाही, काजू-बदामाच्या जातीतला. मागून एकजण ओरडला, नावातच शेंग हाय की.

सर स्टेजच्या कडेला आले. घाम पुसत म्हणाले, "इरफान, कोणी आउट का होत नाहीये?"

"सर, तुमचे गैरसमज हितं पोचलेच न्हाईत."

"आता?"

"इथलाच एक काढतो."

सरांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. शूटिंग हेड ऑफिसला जाणार होतं. मागं जेवणाची पंगत मांडून झालेली, आणि भाताचा वास आला की अँकरचं कुणी ऐकत नाही.

मला आठवलं, सोलापुरात एका सर्पमित्राच्या कार्यक्रमात मी माईक धरला होता. तिथं ऐकलेलं एक वाक्य मी जोरात म्हणालो, धामण गोठ्यात येऊन म्हशीचं दूध पिते.

धाडधाड हात वर. अख्खा हॉल. एकच हात खाली होता, लताक्कांचा. या आप्पांच्या भावजय.

मी उड्या मारतच सांगितलं, "खोटं! लताक्का सोडून सगळे बसा."

कुणी बसलं नाही. आप्पा तर दोन पावलं पुढंच आले. "मी डोळ्यानं बगितलंय. धामण गोठ्यात हुती आन् म्हशीच्या कासंत थेंब न्हवता. तुमी शेरातली पोरं, तुमाला काय ठावं?" त्यांच्या मागून सगळे व्हय व्हय करायला लागले. एकजण म्हणाला, पैल्यांदा प्रश्न दुरुस्त करा. वैराग गेलं, मोहोळ गेलं, परत बारसं.

वाद घालून अँकर कधीच जिंकत नाही. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हशीचा आवाज काढला. रेकणं असं खरं निघालं की एक बाई खरंच मागं वळल्या. मग मी धामण झालो. सरपटत आलो, जबडा उघडला आणि आप्पांना विचारलं, "आप्पा, सापाला दात असतात का?"

"असत्यात की."

"वळलेले, टोकदार. ओठ न्हाईत, म्हंजे चोखायला जमत न्हाय. आता ते दात सडाला लावले, तर तुमची म्हैस काय करल?"

मी परत म्हैस झालो आणि लाथ झाडली. माईकचा स्टँड खरंच आडवा झाला. हॉल खदखदून हसला, आप्पाही हसले. मग मी त्यांना सांगितलं, धामण आली ती उंदरांसाठी. तिला बघून म्हैस बिचकली आणि तिनं पान्हा चोरला, दूधच सोडलं नाही. आळ मात्र धामणीवर आला.

पान्हा चोरणं म्हणजे काय, ते काही आप्पांना शिकवायला नको. ते बसले आणि त्यांच्या मागं अख्खा हॉल बसला. लताक्का एकट्या उभ्या.

मी विचारलं, अक्का, तुम्हाला कसं माहीत?

"मला कुटलं म्हाईत? आप्पानं हात वर केला, मी खाली ठिवला. आमचं घरात असंच असतंय."

टाळ्या अशा पडल्या की सर स्वतः शिट्टी वाजवत होते. वैराग पक्कं झालं, बाकीचेही. फक्त एक अट, प्रश्न इथून पुढं मीच काढायचे.

जेवताना आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. वाढप्यांना मला अजून वाढा म्हणून सांगितलं, मग कानाशी येऊन हळूच बोलले, "तुमी सांगितलं ते समदं पटलं. पर आमची धामण पिती."

तेव्हा कळलं. क्विझमध्ये माणूस बाद होतो, गैरसमज नाही.